राहून गेलेले पुस्तक

१९७४ च्या जुलै महिन्यात लंडनच्या वृत्तपत्रांत एका लेखिकेच्या निधनाची बातमी आली आणि तिच्या असंख्य वाचकांना तिचे लग्नानंतरचे नाव तेव्हा कुठे समजले. मिसेस रूजिए. पुस्तकांवर हे नाव कधीच नव्हते. तिथे पन्नास वर्षांहून अधिक काळ छापले जात होते ते जॉर्जेट हेयर हे नाव. मुलाखत द्यायची नाही, स्वतःबद्दल बोलायचे नाही, हा तिने शेवटपर्यंत पाळलेला नेम. पुस्तके लाखांनी खपत होती आणि लिहिणारी बाई पिकॅडिलीतल्या आपल्या घरात पत्त्याविना असल्यासारखी राहत होती.

आपल्याकडे हे नाव ॲगाथा ख्रिस्तीसारखे घरोघर पोचले नाही. तरीही मुंबई-पुण्याच्या ज्या सर्क्युलेटिंग लायब्रऱ्यांत इंग्रजी कादंबऱ्या असत, तिथे हेयरबाईंचा एक खण हमखास असे. मी फोर्टमधल्या एका शाखेत अधिकारी असताना संध्याकाळी फ्लोरा फाउंटनच्या पदपथावरून तिची जुनी पेपरबॅक उचलत असे. मुखपृष्ठावर झगा, पंखा, मेणबत्त्यांचे झुंबर आणि मागे घोडागाडी. टाय लावलेल्या माणसाने लोकलमध्ये उघड हातात धरावे असे ते चित्र नसे. मी वर्तमानपत्राचे कव्हर घालून वाचत असे आणि शेजारच्याला वाटे, साहेब खात्याच्या परीक्षेची तयारी करताहेत.

गेल्या दोनशे वर्षांतली वेशभूषा, एक प्रेमप्रकरण आणि एक रहस्य, असा तिपेडी गोफ असलेल्या ऐतिहासिक कादंबऱ्या आता जगभर निघतात. त्या गोफाचा पीळ बसवला तो प्रामुख्याने हिने. पण तिची पुस्तके वाचून झाल्यावर मी जेव्हा तिचे आयुष्य वाचले, तेव्हा माझ्या मनात घर करून राहिले ते एक न झालेले पुस्तक. ते का झाले नाही याचे उत्तर तिच्या जमाखर्चात सापडते, आणि जमाखर्च हा माझा पस्तीस वर्षांचा धंदा.

जॉर्जेटचा जन्म १६ ऑगस्ट १९०२ चा, विम्बल्डनचा. आजोबा रशियातून इंग्लंडमध्ये आलेले. वडील शिक्षक, फ्रेंच काव्याचा अनुवाद करणारे, घरात पुस्तकांना मोकळीक. तिच्या पाठच्या भावाला, बोरिसला, रक्तस्रावाचा विकार होता. असाच एकदा तो अंथरुणाला खिळलेला असताना सतरा वर्षांच्या बहिणीने त्याचे मन रमवण्यासाठी अठराव्या शतकातल्या एका उमरावाची गोष्ट रचली. धाकट्या भावाचा गुन्हा अंगावर घेऊन वाटमारी करत हिंडणारा उमराव. वडिलांनी ती ऐकली आणि नीट लिहून काढ म्हणून सुचवले. १९२१ साली ‘द ब्लॅक मॉथ’ या नावाने ती छापून आली तेव्हा लेखिका एकोणीस वर्षांची होती. आजारी भावासाठी रचलेली ही गोष्ट तिच्या मृत्यूच्या वेळीही बाजारात उपलब्ध होती.

रोनाल्ड रूजिए हा खाणींचा इंजिनीअर. दोघांची ओळख १९२० च्या नाताळातली. पाच वर्षांनी लग्न ठरले आणि लग्नाला दोन महिने उरले असताना, जून १९२५ मध्ये, तिचे वडील होणाऱ्या जावयाबरोबर टेनिस खेळून आले आणि हृदयविकाराने गेले. मागे पेन्शन नाही, दोन धाकटे भाऊ आणि आई. ऑगस्टमध्ये लग्न झाले. म्हणजे संसाराच्या पहिल्या दिवसापासून या मुलीच्या लेखणीवर माहेरचा भार होता. पुढच्या साऱ्या गोष्टीचे मूळ मला त्या टेनिस कोर्टावर दिसते.

नवरा टांगानिकात खाणी शोधायला गेला आणि पाठोपाठ ही गेली. हत्तीगवताने शाकारलेल्या झोपडीत, आजूबाजूला जंगली जनावरे, अशा ठिकाणी बसून तिने १७४५ च्या बंडानंतरच्या लंडनची कादंबरी लिहिली. ‘द मास्करेडर्स’, प्रसिद्धी १९२८. बंडात सामील झालेले भाऊ-बहीण जीव वाचवण्यासाठी वेश बदलतात. भाऊ झगा घालून सरदारघराण्यातल्या बायकांत वावरतो आणि बहीण तलवार लटकावून पुरुषांच्या क्लबात जाते. बालगंधर्वांचा शालू पाहिलेल्या मराठी माणसाला यात अशक्य असे काही वाटणार नाही. लुगडे नेसलेला नारायणराव पाहून बायका पदर घ्यायला शिकल्या, तसाच इथला भाऊ बायकांना पंखा कसा धरावा हे दाखवून देईल अशा तोऱ्यात वावरतो. संदर्भाची पुस्तके हाताशी नसताना लिहिलेल्या त्या कादंबरीत पुढे जाणकारांना कालविपर्यासाची एकच जागा सापडली. व्हाइट्स हा क्लब तिने एक वर्ष आधी उघडला होता. बस्स, एवढेच.

टांगानिकानंतर मॅसिडोनिया. तिथे दात काढताना भूल देण्यात गफलत झाली आणि ती मरता मरता वाचली. मग मात्र तिने ठरवले की आता घरी जायचे आणि मूल हवे. रोनाल्डने खाणी सोडल्या. इंग्लंडमध्ये त्याने गॅस-कोळशाचा धंदा करून पाहिला, मग हॉर्शम गावात खेळाच्या सामानाचे दुकान घातले. १९३२ मध्ये मुलगा झाला, रिचर्ड. दुकान जेमतेम चाले. पुढे रोनाल्डने वकिली शिकायचे ठरवले, १९३९ मध्ये तो बॅरिस्टर झाला आणि यथावकाश मोठा वकीलही. पण त्या मधल्या वर्षांत घर चालले ते कादंबऱ्यांवर.

रहस्यकथांची सुरुवातही इथलीच. १९३२ पासून जवळजवळ दहा वर्षे तिने वर्षाला एक ऐतिहासिक आणि एक खुनाची अशा दोन कादंबऱ्यांचा रतीब घातला. खुनाच्या गोष्टींचा सांगाडा बहुधा रोनाल्ड करून देई. कोण मेला, कशाने, कोणी मारले. त्याच्या आराखड्यात माणसांना नावे नसत, नुसते ‘अ’ आणि ‘ब’. त्या ‘अ’ला चिडका काका करायचे आणि ‘ब’ला उधळ्या पुतण्या, हे काम बायकोचे. नवरा-बायको जेवणाच्या टेबलावर विषाचे प्रमाण ठरवताहेत, हे दृश्य डोळ्यांसमोर आणले की मला आजही हसू येते. या रहस्यकथा ख्रिस्तीच्या तोडीच्या नाहीत. कोडे साधारण, पण घरातली भांडणे अस्सल.

तिला आपली वाट सापडली ती हे दोन खण एकत्र केल्यावर. १९३५ च्या ‘रीजन्सी बक’मध्ये ज्युडिथ नावाची श्रीमंत अनाथ मुलगी १८११ साली भावाबरोबर लंडनला येते. पालक म्हणून नेमलेला सरदार देखणा आणि तुसडा. कपडे कुठे शिवायचे, कोणाशी बोलायचे, याचे धडे तिला मिळतात ते साक्षात ब्यू ब्रमेलकडून. दरम्यान भावाच्या जिवावर एकामागून एक घाले येऊ लागतात. भाऊ मेला तर पैसा बहिणीचा, आणि बहिणीशी लग्न करील त्याचा. घालतो कोण, हे मी सांगणार नाही. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘द टॅलिझमन रिंग’मध्ये खुनाचा आळ आलेला वारस, हरवलेली अंगठी, भिंतीतले गुप्त कप्पे आणि चोरटा माल उतरवणारे खलाशी आहेत. पावसाळ्याच्या रविवारी दुपारी वाचायला याहून चांगले पुस्तक मला माहीत नाही.

रीजन्सी म्हणजे १८११ ते १८२० हा काळ. राजा तिसरा जॉर्ज भ्रमिष्ट झालेला, युवराज त्याच्या नावाने कारभार पाहणारा. आपल्या हिशेबाने हीच दुसऱ्या बाजीरावाची शेवटची वर्षे. खडकीला तोफा धडाडल्या त्या १८१७ च्या नोव्हेंबरात लंडनच्या उच्चभ्रूंना चिंता होती ती अल्मॅक्समध्ये प्रवेश कसा मिळेल याची. अल्मॅक्स म्हणजे वधूवरांचा सभ्य बाजार. सहा-सात सरदारपत्नी बसून कोणाला पास द्यायचा ते ठरवत. रात्री अकराला दार बंद. पुरुषाने गुडघ्यापर्यंतची तंग विजार घातली नसेल तर परत जावे. आपल्या कांदेपोह्यांचीच ही थोरली बहीण, फक्त पोह्यांऐवजी पाव-लोणी आणि कोमट लिंबू सरबत.

आणि त्या बायका नेसत काय? आपलाच माल. कमरेऐवजी छातीखाली आवळलेले ते झुळझुळीत झगे मलमलचे, आणि उत्तम मलमल म्हणजे बंगालची, ढाक्याची. झगा इतका पातळ की इंग्लंडच्या थंडीत वर काश्मिरी शाल हवीच. झग्याला खिसा शिवायला जागा उरली नाही म्हणून हातात बटवा आला. छिंट, कॅलिको, बांधणीचा बंडाना, हे सगळे शब्द आपल्या बंदरांतून तिकडे गेलेले. पुढे स्कॉटलंडातल्या पेझली गावच्या मागांनी काश्मिरी शालींच्या नकला विणल्या आणि आपल्या कोयरीला त्या गावाचे नाव पडले. जॉर्जेटच्या नायिका दुकानात जाऊन मलमल निवडतात तेव्हा त्या कापडामागचा विणकर तिला दिसत नाही. तिच्या लंडनला समुद्रापलीकडचे काही दिसतच नाही. तरी असईचा एक माणूस तिला फार प्रिय होता. १८०३ मध्ये आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवणारा वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. त्याच्या वॉटर्लूच्या लढाईवर तिने १९३७ मध्ये ‘ॲन इन्फेमस आर्मी’ लिहिली. लढाईचे ते वर्णन इतके काटेकोर होते की सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयात ते वाचनासाठी सुचवले जाऊ लागले. प्रेमकथा लिहिणारी बाई म्हणून हिणवणाऱ्यांना याहून वेगळे उत्तर तिने दिले नाही.

हा काटेकोरपणा यायचा कुठून? तिच्याकडे हजाराच्या वर संदर्भग्रंथ होते आणि कार्डे होती. टोप्या, रंग, कापड, दुकाने, भाव, घरखर्च, अशी विषयवार मांडणी. जुन्या मासिकांतले झगे आणि टोप्या तिने स्वतः रेखाटून घेतलेल्या. शाखेतल्या नमुना सह्यांच्या कार्डांची पेटी ज्याने सांभाळली आहे त्याला या पेटीची किंमत कळेल. सही जुळल्याशिवाय चेक पास नाही, तशी कार्डावर नोंद असल्याशिवाय तिच्या पानात टोपी नाही. वेलिंग्टनच्या लिहिण्याची ढब पकडण्यासाठी तिने त्याचे मूळ पत्र विकत घेतले होते. जेन ऑस्टिन तिची आवडती. पण ऑस्टिन त्याच काळात राहून लिहीत होती, तिला बाहीची लांबी सांगायची गरज नव्हती. जॉर्जेटला सव्वाशे वर्षांनंतर ते सगळे घर वीट वीट रचावे लागले. म्हणून १९५० च्या सुमाराला एक प्रसिद्ध लेखिका तिचे शब्दप्रयोग आणि प्रसंग उचलते आहे असे दिसल्यावर ती संतापली. कोर्टात काही गेले नाही, वकिलामार्फत कान उपटले आणि उचलेगिरी थांबली.

आता जमाखर्चाकडे येतो. महायुद्धाच्या सुमाराला पैशांची इतकी ओढ होती की तिने ‘दीज ओल्ड शेड्स’, ‘डेव्हिल्स कब’ आणि ‘रीजन्सी बक’ या तीन पुस्तकांचे ब्रिटन आणि वसाहतींतले हक्क प्रकाशकाला साडेसातशे पौंडांत कायमचे विकून टाकले. यातले पहिले पुस्तक १९२६ मध्ये, देशव्यापी संपाच्या वर्षात, फारशी जाहिरात नसताना एक लाख नव्वद हजार प्रती खपलेले. म्हणजे सोन्याची खाण गहाणसुद्धा न ठेवता विकली. पुढे प्रकाशन संस्थेतल्या तिच्या मित्राने त्याच किमतीला हक्क परत देऊ केले. तिने नाकारले. सौदा झाला, शब्द दिला, संपले. माझ्या नोकरीत मी पुष्कळ कर्जदार पाहिले. हातातून गेलेले तारण फुकटासारखे परत मिळत असताना नको म्हणणारा एकही आठवत नाही.

१९४२ पासून रूजिए कुटुंब पिकॅडिलीच्या आल्बनीत राहू लागले. रीजन्सीच्या आधीची इमारत, कवी बायरन एकेकाळी तिथलाच भाडेकरू. पैसा येऊ लागला आणि कर आला. तेव्हा ब्रिटनमध्ये वरच्या टप्प्यावरचा कर शंभरातले नव्वदहून अधिक पौंड घेऊन जाई. आमच्या पिढीला यात नवल नाही. १९७३-७४ मध्ये आपल्याकडे तो दर अधिभारासह पावणेअठ्ठ्याण्णव टक्के होता. पण लेखकाचे उत्पन्न सारखे नसते. एका वर्षी पूर येतो आणि त्याचा कर पुढच्या कोरड्या वर्षात भरायचा. हिशेबनिसांच्या सल्ल्याने तिने हेरॉन एंटरप्रायझेस नावाची कंपनी काढली. तर काही वर्षांनी तपासनिसाने सांगितले की कंपनीतून तुम्ही जादा रक्कम उचलली आहे, हा लपवलेला लाभांश, आणखी तीन हजार पौंड भरा. ते भरण्यासाठी ‘पंच’ साप्ताहिकात दोन लेख लिहिले. कराच्या नोटिशीला लेखांनी उत्तर देणे मला अतिशय आवडले, पण तिच्या जिवावर येत असणार.

कारण तिच्या टेबलावर त्या वेळी दुसरेच काम पडून होते. चाळिशीच्या दशकाच्या अखेरीस तिने इंग्लंडच्या लँकेस्टर राजघराण्यावर तीन भागांची कादंबरी लिहायला घेतली होती. काळ १३९३ ते १४३५. नायक पाचव्या हेन्रीचा धाकटा भाऊ जॉन, ड्यूक ऑफ बेडफर्ड. हाही एक राजप्रतिनिधीच. हेन्री मेल्यावर तान्ह्या पुतण्याच्या नावाने त्याने फ्रान्सचा कारभार सांभाळला आणि त्याच्याच अमदानीत जोन ऑफ आर्कला जाळले. आपले नाव राहिले तर या पुस्तकाने राहावे असे तिला वाटत होते. घराण्यांच्या वंशावळी तिने स्वतः काढल्या, प्रत्येकाचे ढालीवरचे चिन्ह रंगवले. चाळीस वर्षांच्या दिवसवार नोंदींची सूची केली. चिलखते, शिकारी ससाणे, जुनी इंग्रजी भाषा, काही सोडले नाही. आणि दर एक-दोन वर्षांनी कराची वेळ आली की पेटी मिटायची आणि पुन्हा एक रीजन्सी प्रेमकथा लिहायची. वाचकांना तीच हवी, प्रकाशकाला तीच हवी आणि कर तिच्यातूनच फिटे. त्या प्रेमकथा खळखळून हसवतात, हे विशेष. वैतागातून लिहिलेल्या पानांवर वैतागाचा डाग नाही.

‘द ग्रँड सोफी’ही याच काळातली, १९५० ची. बहुतेकांची लाडकी, आणि माझी मात्र अडखळायची जागा. त्यातला सावकार यहूदी आहे आणि त्याचे वर्णन इतके किळसवाणे की युरोपात यहुद्यांचे जे झाले त्यानंतर पाच वर्षांनी तिने हे लिहावे याचे वाईट वाटते. अमेरिकेत २०२३ मध्ये निघालेल्या आवृत्तीत तो भाग बदलण्यात आला. मला सावकाराची बाजू घ्यायची नाही. पण तिच्या पुस्तकांत कर्ज बुडवणारे उमराव गोड आणि कर्ज देणारा तेवढा राक्षस, हे कोणत्याही बँकवाल्याला खटकेल. खुद्द ब्रमेलचे काय झाले? कडक इस्त्रीच्या गळपट्ट्याने लंडनवर राज्य करणारा तो माणूस जुगारापायी बुडाला, मित्रांच्या जोडीने काढलेली कर्जे थकली आणि १८१६ मध्ये तो रातोरात फ्रान्सला पळाला. त्याच्या सामानाचा लिलाव झाला. १८४० मध्ये तो वेड्यांच्या इस्पितळात मेला. हे पान तिने कादंबरीत घेतले नाही.

तिला आलेल्या एका पत्राची गोष्ट सांगायला हवी. रुमानियातल्या एका राजकीय कैदी बाईने तिला कळवले की बारा वर्षांच्या तुरुंगवासात ‘फ्रायडेज चाइल्ड’ या कादंबरीची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगून तिने स्वतःचे आणि सोबतिणींचे डोके ठिकाणावर ठेवले. स्तुतीची पत्रे फारशी मनावर न घेणाऱ्या जॉर्जेटने हे पत्र जपून ठेवले होते. अंधारकोठडीत सांगितली गेलेली ती कादंबरी कसली, तर एका खुळ्या उमरावाच्या आणि सतरा वर्षांच्या मुलीच्या घाईघाईतल्या लग्नाची, टोप्या आणि बिलांनी भरलेली.

१९६६ साली तिने कंपनीच विकली. घेणारे बुकर मॅकॉनेल, मूळचे साखरेचे व्यापारी. इयन फ्लेमिंग आणि ॲगाथा ख्रिस्ती यांच्या पुस्तकांचे हक्कही त्यांनी घेतले. सतरा पुस्तकांचे सुमारे पंच्याऐंशी हजार पौंड मिळाले. याच कंपनीने १९६९ मध्ये एक साहित्य पुरस्कार सुरू केला, जो १९९७ मध्ये आपल्या अरुंधती रॉय यांना मिळाला. जेम्स बाँड, पॉयरो आणि हेयरबाईंच्या नायिका यांच्या कमाईशी त्या गंभीर पुरस्काराचे असे घरोब्याचे नाते आहे.

कर मिटला होता, राणीने त्याच वर्षी राजवाड्यावर जेवायला बोलावले होते, आता पंधरावे शतक उघडायला हरकत नव्हती. पण तोवर ती चौसष्ट वर्षांची झाली होती. आल्बनीही त्याच सुमारास सुटले, प्रकृती ढासळू लागली. फुप्फुसाच्या कर्करोगाने ४ जुलै १९७४ रोजी ती गेली.

तीन भागांपैकी पहिला तेवढा हाती लागला, तोही अपुरा. रोनाल्डने त्याला प्रस्तावना लिहिली आणि १९७५ मध्ये ‘माय लॉर्ड जॉन’ या नावाने तो बाहेर आला. प्रस्तावनेत त्याने करांचा उल्लेख स्पष्ट केला आहे. वकिलाच्या शिस्तीने, आवाज न चढवता. पुढच्या वर्षी तोही गेला. ज्या सुरुवातीच्या कादंबऱ्या पुन्हा छापू नयेत असे जॉर्जेटला वाटत होते, त्यांतली एक, ‘सायमन द कोल्डहार्ट’, मुलाने नंतर छापली. ती १९२५ ची, वडील गेले त्या वर्षातली. तिचाही काळ पंधरावे शतक, पाचव्या हेन्रीच्या स्वाऱ्यांचा. ‘माय लॉर्ड जॉन’ शेजारी ठेवून मी ती वाचली. ज्या राजांकडे परत जायला तिला आयुष्यभर सवड मिळाली नाही, ते तेविसाव्या वर्षीच तिच्या टेबलावर येऊन गेले होते.